‘कधीही फोन कर’ लिहू नका, तुम्हीच करा

दरवर्षी १० सप्टेंबर आला की फेसबुकवर तेच. आत्महत्या प्रतिबंध दिन, पिवळी रिबीन, मावळत्या सूर्याचा फोटो आणि खाली "मन मोकळं करा, मी आहे, रात्री-अपरात्री कधीही फोन करा". हेतू चांगलाच असतो, वाद नाही. पण ज्याच्या डोक्यात खरंच तसं काही चाललंय तो फोन करतो का हो? बऱ्याचदा त्याच्यात उठून आंघोळ करायचीपण ताकद नसते, वर आपण सगळ्यांना ओझं झालोय ही टोचणी वेगळीच, आणि आपण त्यालाच सांगतोय की तू फोन कर. उलटं पाहिजे ना.

मी ठाण्याचा, लोकमान्यनगरचा, गणपती मंडळात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे कट्ट्याचंच सांगतो. आमच्या कट्ट्याला सगळं माहीत असतं. कोणाचे हप्ते थकलेत, कोणाच्या घरी रोज भांडणं, कोणाची नोकरी गेली तरी सकाळी डबा घेऊन बाहेर पडतोय. फक्त ते माहीत असलेलं टपरीवर चघळून संपतं. "हल्ली दिसत नाही रे तो", "असेल काहीतरी टेन्शन", झालं, पुढचा विषय मॅच.

देशभरातल्या गुन्ह्यांची, आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी एनसीआरबीचा २०२२ चा आकडा बघा, देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. दहातले सात पुरुष. आणि कारणं काय, तर घरातले प्रश्न आणि आजारपण मिळूनच निम्मी. प्रेमभंग आणि परीक्षा, ज्याच्या बातम्या आपण वाचतो, ते यादीत बरंच खाली. म्हणजे जे शेजाऱ्याला दिसतं तेच. (आणि त्या बातम्या, फोटो, चिठ्ठ्या ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बंद करा. आधीच काठावर असलेला कोणीतरी त्याच ग्रुपमध्ये असतो.)

आता एक प्रसंग. ज्याचा आहे त्याला विचारून लिहितोय, नाव विचारू नका. आमच्या ढोल पथकातला पोरगा, वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये होता, ते काम सुटलं. मग मोबाईलवरच्या लोन अॅपवरून कर्ज, ते फेडायला दुसरं अॅप, आणि मग वसुलीवाल्यांनी त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या मावशीपासून जुन्या शेठपर्यंत सगळ्यांना घाणेरडे मेसेज पाठवले. पोरगा ग्रुपमधून लेफ्ट झाला. एक दिवस खाली आला आणि स्वतःचा ताशा, काड्यांसकट, पथकातल्या एका लहान पोराला देऊन टाकला. "ठेव तुझ्याकडेच." सगळे म्हणाले वा, काय मन मोठं!

टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या बससेवेतून रिटायर झालेले आमचे एक काका मात्र तडक त्याच्या घरी गेले. ज्या ताशाला हा कोणाला हात लावून देत नव्हता तो फुकट दिला म्हणजे काय, हा त्यांचा साधा हिशोब. आईला म्हणाले वहिनी जरा चहा टाका, आणि ती आत गेल्यावर सरळ विचारलं, "जीव द्यायचं येतंय का रे मनात?" पोरगा खूप वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, हो काका.

आपल्याला वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. असं होत नाही, मानसोपचारवाले कधीपासून सांगतायत, स्पष्ट विचारल्यावर उलट माणूस हलका होतो कारण एवढा वेळ तो ते एकट्याने धरून बसलेला असतो. आणि काकांनी नंतर जे केलं नाही ते मला जास्त आवडलं. "आईचा विचार कर", "लोकांना बघ किती दुःखं असतात", "पॉझिटिव्ह राहा" यातलं काही नाही. रात्री तिथेच झोपले. सकाळी कळव्याच्या हॉस्पिटलला घेऊन गेले, केसपेपरच्या लाईनीत स्वतः उभे राहिले, कारण त्या लाईनीतूनच लोक परत फिरतात. गोळ्या सुरू झाल्या, त्या आईच्या ताब्यात. या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि आपली माणसं आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात, म्हणून काका रोज संध्याकाळी चक्कर मारायचे. आमच्यातल्या दोघांनी अॅपची भानगड अंगावर घेतली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार, पोलीस स्टेशन. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच लोन अॅपना कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायला बंदी केलीये, हे किती जणांना माहितीये? नुसतं समुपदेशन करून त्याचा फोन वाजायचा थांबला नसता.

आईची भीती वेगळीच, लग्न जमायचंय, लोक काय म्हणतील. त्यात आपण ठाणेकर! गावाला गेलं की "ठाण्याचे का? कितव्या वॉर्डातले?" हा जोक ठरलेला. १९०१ सालचं ठाण्याचं ते मनोरुग्णालय, तिथे ओपीडीत दाखवून गोळ्या घेऊन त्याच दिवशी कामावर जाणारी किती माणसं आहेत, पण आपल्याला फक्त भिंत माहीत. आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून याच शहरात काम करतंय, तरी जिना चढताना लोक ओळखीचं कोणी दिसत नाही ना बघतात.

अजून एक, पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. प्रयत्न झाला तर हॉस्पिटल एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद करतं, जबाब होतो, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षा नाही, आणि जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलमच नाही. त्यामुळे उशीर न करता आधी हॉस्पिटल गाठा.

हे सगळं करायला डॉक्टर असावं लागत नाही. नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता नावाच्या प्रकल्पात गावातल्याच बायाबापड्यांना शिकवून हे काम केलं होतं. आमच्या मंडळाचं आरोग्य शिबिर दरवर्षी असतं, बीपी, शुगर, डोळे, चष्मे. यंदा त्यात मानसिक आरोग्याचं एक टेबल आणि कार्यकर्त्यांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग हवं असं माझं म्हणणं आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं, तो वर्गणीच्या पावतीवर छापायचा. आणि जो दोन आठवडे कट्ट्यावर दिसला नाही त्याच्या घरी कोण जाणार ते नावानिशी ठरवायचं, "बघू कोणीतरी" नाही.

रविवारी मीटिंग आहे, डीजेच्या बजेटच्या आधी हा विषय घेतोय. खजिनदार कुरकुरणार, मला माहितीये. लोकमान्यनगरवाल्यांनो, तुम्ही या म्हणजे झालं.