मे तापतो, मग जुलै का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऋतूंविषयीच्या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. पृथ्वीच्या अक्षाच्या कलामुळे ऋतू होतात हे स्पष्टीकरण युरोपापुरते ठीक आहे, आपल्याकडचे ऋतू वाऱ्यांमुळे होतात, कारण कलच कारणीभूत असता तर पुण्यात २१ जूनच्या सुमारास सर्वाधिक उकाडा हवा होता, असा आपला मुख्य आक्षेप आहे. पृथ्वी सूर्याच्या जवळ-दूर जाते म्हणून ऋतू होतात का, हा अंतराचा मुद्दा मी एका वाक्यात निकालात काढला, अशीही आपली तक्रार आहे.

पुणे साडेअठरा अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा डोक्यावर येतो: मेच्या मध्यास उत्तरेकडे जाताना आणि जुलैच्या अखेरीस परतताना. गच्चीवर एक मीटर उंचीची काठी उभी केली, तर २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. २१ जूनला, ढगांनी कृपा केलीच तर, ती जेमतेम साडेआठ सेंटिमीटर असते आणि तीही दक्षिणेकडे. २३.४ अंशांचा कल नसता, तर ही सावली वर्षभर साधारण ३३ सेंटिमीटरच राहिली असती. (हे ज्ञान केवळ पाश्चात्त्यांचे नव्हे, आर्यभटाने सूर्याची परमक्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो उत्तरेस वा दक्षिणेस जास्तीत जास्त जितका सरकतो तो कोन, २४ अंश दिली आहे.)

या हिशेबाने जुलैची अखेर मेच्या मध्याइतकीच तापायला हवी. प्रत्यक्षात पुण्याचे सरासरी कमाल तापमान एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या आसपास, तर जुलैत २८ अंशांच्या आसपास असते. या दहा अंशांचा फरक ढग पाडतात, आणि जे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते त्यातलेही बरेचसे ओल्या मातीतील पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. मेमध्ये समुद्रावरचे वारे जोर धरू लागतात, वळवाच्या सरी येतात, म्हणून पुण्यात एप्रिलच किंचित वरचढ ठरतो. समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात मात्र मेच अधिक तापतो.

म्हणजे वाऱ्यांना आपण दिलेले श्रेय योग्यच आहे. प्रश्न एवढाच की वारे दिशा का बदलतात? सूर्य उत्तरेकडे सरकतो, भारतीय उपखंडाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा गंगेच्या मैदानापर्यंत वर येतो. त्याच्या ओढीने दक्षिण हिंदी महासागरावरील आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. सूर्य दक्षिणेस गेला की पट्टाही दक्षिणेस जातो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे वारे वाहतात. कल काढून टाकला तर सूर्याचे हे उत्तर-दक्षिण जाणेयेणेच थांबते, आणि त्याबरोबर वाऱ्यांचे उलटणेही.

आता अंतर. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, तर जुलैच्या आरंभी १५.२ कोटी किलोमीटरवर असते. त्यामुळे जानेवारीत तिला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक ऊर्जा मिळते. आकडा नगण्य नाही. तरीही नेमका तेव्हा आपल्याकडे हिवाळा असतो, आणि संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान पाहिले तर तेही जुलैतच अधिक भरते, कारण लवकर तापणारी जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे. अंतराचा प्रभाव पाहायचाच असेल, तर मंगळाकडे पाहावे. त्याचा कल जवळपास आपल्याइतकाच, सुमारे २५ अंश आहे, परंतु कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे तेथील दक्षिण गोलार्धातला उन्हाळा उत्तरेतल्यापेक्षा आखूड आणि अधिक तीव्र असतो.