दुसरे चल आले की काय बदलते

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश संपत आले की एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एम-वन, एम-टू या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरांमधले अनेक चलांचे कॅल्क्युलस म्हणजे बारावीचेच गणित, एक चल घ्यायचे, बाकीची स्थिर मानायची आणि तेच पुन्हा करायचे, आकडेमोड संगणक करतो, नोकरीत हे लागत नाही, तेव्हा विषय सुटला म्हणजे झाले. मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही; तरीही यातले पहिले विधान साफ चुकीचे आहे आणि बाकीची बरीचशी त्याच्याच आधाराने उभी आहेत.

बारावीत आपण शिकतो की जिथे डेरिव्हेटिव्ह असते तिथे फलन (फंक्शन) संतत, म्हणजे न तुटणारे, असते. आता (क्ष × य) ÷ (क्ष² + य²) हे फलन घ्या आणि आरंभबिंदूपाशी त्याची किंमत ० ठेवा. दोन्ही अक्षांवर ते शून्यच राहते, म्हणून आरंभबिंदूपाशी दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह (एक चल स्थिर मानून दुसऱ्याने काढलेली) मिळतात आणि तीही शून्य; पण क्ष = य या तिरप्या रेषेवरून आत आलात तर किंमत सतत १/२ राहते, म्हणजे फलन तिथे संततही नाही. संख्यारेषेवर एखाद्या बिंदूकडे जाण्याच्या बाजू दोनच, डावी आणि उजवी. प्रतलावर वाटा अगणित, आणि त्या सरळच असाव्यात असेही नाही.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. एका चलाच्या, सर्वत्र डेरिव्हेटिव्ह असलेल्या फलनाला क्रांतिक बिंदू (जिथे डेरिव्हेटिव्ह शून्य होते) एकच असेल आणि तिथे स्थानिक न्यूनतम, म्हणजे आसपासची सर्वांत कमी किंमत, असेल, तर तेच त्या फलनाचे एकूण न्यूनतम ठरते. क्ष² + य²(१ − क्ष)³ या फलनालाही क्रांतिक बिंदू एकच आहे, आरंभबिंदू. तिथे किंमत ० आहे आणि ती स्थानिक न्यूनतमही आहे. मात्र क्ष = २, य = ३ ठेवून पाहा : ४ − ९, म्हणजे −५. ‘बाकीची स्थिर मानून तेच पुन्हा’ या सूत्रात हे कुठे बसते, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

आता संगणकाविषयी. तो इंटिग्रेशन करतो हे खरे, पण कोणत्या प्रदेशावर करायचे हे त्याला आपणच सांगायचे असते, आणि वर्गात मुले अडतात ती नेमकी इथेच. ई (सुमारे २.७१८) या संख्येचा य² हा घात, य च्या मर्यादा क्ष ते १, क्ष च्या ० ते १ : नेहमीच्या फलनांत आतले इंटिग्रेशन लिहिताच येत नाही. मग आकृती काढायची. (०, ०), (०, १) आणि (१, १) यांचा त्रिकोण दिसला की उभी पट्टी सोडून आडवी घ्यायची, आणि (ई − १)/२ हे उत्तर दोन ओळींत हाती येते. ही आकृती न काढता मर्यादांची नुसती अदलाबदल करणारी वही मी दर परीक्षेत तपासतो.

नोकरीचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे. जी मुले तो पुढे करतात त्यांतल्याच अनेकांना मशीन लर्निंगमध्ये जायचे असते, आणि तिथे मॉडेल शिकते ते ग्रेडियंटच्या, म्हणजे लॉस (मॉडेलची चूक मोजणारे फलन) सर्वांत वेगाने वाढतो त्या दिशेच्या, उलट दिशेने पावले टाकत. ही पद्धत फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८४७ मध्ये मांडली होती. तयार सॉफ्टवेअर लायब्ररी ते काम आपोआप करते, हे मान्य. परंतु लॉस एका जागी अडकून बसला, तर ते न्यूनतम आहे की खोगीरबिंदू (एका दिशेने न्यूनतम, दुसरीने अधिकतम), हा प्रश्न पुन्हा एम-वनचाच असतो.

एक गोष्ट मात्र संदेशात खरी आहे : ठरावीक प्रकारची गणिते घोकून, ऑयलरच्या प्रमेयाची दोन-तीन रूपे पाठ करून हा पेपर सुटू शकतो, आणि केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, मुलाला तोच मार्ग दाखवला जातो. तो दोष आमच्या प्रश्नपत्रिकांचा आहे.