चिरंजीवांचे पुस्तक काढताना घ्यावयाची काळजी

आपल्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी वहीच्या मागच्या पानांवर एखादी सचित्र गोष्ट लिहिली असल्यास ती वही तत्काळ ताब्यात घ्यावी. पुस्तक नीट निघायचे असेल, तर यापुढे त्यांचा हात तिला लागणे धोक्याचे आहे. समजा, गोष्ट अशी आहे : ‘गावात टँकर आला. म्हशीनं सगळं पाणी पिऊन टाकलं. टँकर रडला. मग परत पाणी झालं.’ लातूर-परभणीकडच्या लेकराला चैत्र-वैशाखात दुसरे काय सुचणार? परंतु या गोष्टीत बोध नाही, आणि बोध नसलेले पुस्तक मुले आवडीने वाचतील, ही भीती आपण ओळखली पाहिजे. तेव्हा टँकरचे डोळे पुसावेत आणि म्हशीच्या तोंडी पाणीबचतीवर दीड पानाचे भाषण घालावे.

चित्रांचा बंदोबस्त त्याहून कठोर हवा. चिरंजीवांनी टँकर घरापेक्षा मोठा काढला आहे आणि घागरी घेतलेल्या बायका त्याच्या चाकाएवढ्या. ज्या गल्लीत तो चार-चार दिवसांनी उगवतो, तेथे तो तेवढाच दिसतो हे खरे. पण पुस्तक पुण्याच्या पाहुण्यांनाही दाखवायचे असते. हल्ली दोन ओळी सांगितल्या की संगणक गुळगुळीत चित्र काढून देतो. त्यात टँकरच्या मागे देवदार आणि बर्फाची शिखरे आली, तर अजिंठ्याच्या बोडक्या डोंगरांना तेवढीच शोभा, असे समजून ती राहू द्यावीत.

आता पानांचा प्रश्न. छापखान्यात चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचे, म्हणजे सोळा पानी दोन फर्म्यांचे धरतात, आणि आपल्याजवळ वाक्ये चार आहेत. उरलेली जागा प्रस्तावना, शुभेच्छा, माननीयांची छायाचित्रे आणि ‘माझा लेखनप्रवास’ हे बालकाचे मनोगत यांनी सहज भरते. मनोगत अर्थातच आपण लिहावे. एका कोऱ्या कागदाला तीन घड्या घालून मधोमध एक चीर दिली की आठ पानांची पुस्तिका तयार होते, तिच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटता येतात, आणि चार वाक्यांना चार चित्रे जोडून मूल ते सारे स्वतःच करू शकते, ही माहिती घरात कोणासही कळू देऊ नये.

आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा तेरा अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा विनामूल्य देते. तरीही मध्यस्थाला पैसे मोजून तो घ्यावा, म्हणजे त्याची किंमत राहते. करार मात्र आपल्याच सहीने होईल, कारण सज्ञान होईपर्यंत मुलाला तो करता येत नाही. लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, असे कायदा म्हणतो. लेखक नक्की कोण, हे आपल्या घरी कोणी विचारणार नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. ती पाठवली का, याची चौकशी प्रकाशनाच्या गडबडीत करू नये. गावातील प्रती अगोदर वाटून घ्याव्यात.

प्रकाशनासाठी १७ सप्टेंबर उत्तम. मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणासाठी मान्यवर इस्त्रीच्या कपड्यांत बाहेर पडलेलेच असतात, त्यामुळे शाल-श्रीफळाचा खर्च सोडल्यास वेगळी तोशीस पडत नाही. चिरंजीवांना व्यासपीठावर मधोमध बसवावे, परंतु ध्वनिक्षेपक त्यांच्यापासून दूर ठेवावा. ‘म्हैस असं बोलली नव्हती’ असे ते ऐन वेळी सांगण्याची शक्यता असते.

‘जिल्ह्यातील सर्वांत लहान लेखक’ हा मान फार काळ टिकत नाही, कारण शेजारच्या कॉलनीत पाच वर्षांच्या कन्येचे पुस्तक केव्हाच छपाईला गेलेले असते. सुदैवाने आपली धाकटी अजून बोलू लागलेली नाही. तिच्या पुस्तकात तिची ढवळाढवळ होणार नाही. तेव्हा मजकूर याच आठवड्यात जुळणीला द्यावा.