टूंटूंचा दर्दी

शास्त्रीय संगीताच्या दर्दी माणसाला घरात मान असतो. गझलवाल्याला निदान सहानुभूती मिळते. मी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या, कुणी फारशा न खेळलेल्या व्हिडिओ गेमचं संगीत ऐकतो. मला घरचे विचारतात, ''मायक्रोवेव्ह वाजतोय का रे?''

लहानपणी आमच्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं. आत पाहावं तर तोच मारिओ, तेच काँट्रा, नावं बदलून फिरून फिरून. त्यामुळे भारी माल राहूनच गेला. 'गिमिक!' घ्या. १९९२ साली जपानमध्ये आला. त्याच्या कॅसेटमध्ये जादा आवाजांसाठी वेगळी चिप होती. पुढे युरोपात गेला तो फक्त स्कँडिनेव्हियात. म्हणजे स्वीडनला पोचला, सोलापूरला नाही.

तर परवा लग्नाला साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात फोन आपला आपण गाडीच्या ब्लूटूथला चिकटला आणि 'सिल्व्हर सर्फर' सुरू झाला.

''काय बिघडलं?'' बाबा दचकले.

''काही नाही. १९९० चा गेम आहे. संगीत टिम फॉलिन आणि त्याचा भाऊ जेफ यांचं.''

''कुठल्या घराण्याचे?''

''इंग्लंडचे.''

मग मला राहवेना. हा गेम चालायचा त्या निन्टेंडोच्या यंत्रात आवाजाचे पाचच चॅनेल. दोन चिरक्या आवाजाचे, एक खर्जासाठी, एक नुसत्या खरखरीचा, त्यावर ढोल-ताशा सगळं भागवायचं. पाचव्यावर रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे. कॉर्डला तीन सूर हवेत, म्हणून हा पठ्ठ्या एकाच चॅनेलवरून तिन्ही सूर इतक्या झपाट्यानं आळीपाळीनं सोडतो, की कानाला ते एकत्रच वाटतात.

''म्हणजे काम तिघांचं, पगार एकाला,'' बाबा म्हणाले. सरकारी नोकरीत हयात गेलेली, लगेच कळलं.

''आणि खेळ कसाय?'' बायकोनं मुद्दाम विचारलं.

खेळ भिकार आहे, हे मी नाकारत नाही. अख्खं अंतराळ पालथं घालणारा हा वीर, पण भिंतीला नुसता घासला तरी मरतो. ह्याच टिमनं 'पिक्शनरी'लाही संगीत दिलंय. चित्र पाहून शब्द ओळखायचा घरगुती खेळ तो, पण संगीत असं, की घोड्यावर मांड ठोकून गड घ्यायला निघावं. चांगलं संगीत असल्याच गेमच्या पदरी का पडतं, देव जाणे.

दोन वळणं गेली. बाबांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली होती. मी आरशातून बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं.

''हात बरा आहे पोराचा,'' बाबा म्हणाले. ''पण हे संपत का नाही?''

''संपत नसतं, बाबा. गोल गोल चालू राहतं. खेळणारा मरेपर्यंत.''

घाट लागल्यापासून तोंडात आवळासुपारी धरून गप्प बसलेली आई मागून म्हणाली, ''मग मार ना त्याला एकदाचं!''