५० पैकी १८ रिव्हेट नट फिरले, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून नेलेल्या ५० एम-६ रिव्हेट नटांपैकी (पातळ पत्र्याच्या भोकात चेपून बसवायचे, ६ मिमी बोल्टचे आटे असलेले नट) १८ पत्र्यात गरगर फिरले, माल हलका आहे, आणि विचारायला आलात तर "भोकच चुकलं असणार" म्हणून वाटेला लावलं. शेवटचं आधी घेतो. काउंटरवरच्या पोराने तुकडा हातात न घेताच तसं बोलायला नको होतं. त्याबद्दल माफी मागतो.

तुम्ही ठेवून गेलेला इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराचा तुकडा रात्री शटर ओढल्यावर व्हर्नियर लावून बघितला. पत्रा १.२ मिमी, वर पावडर कोटिंग. एम-६ ला भोक ९ मिमीचं लागतं. तुमची भोकं एकीकडून ९.२, दुसरीकडून ९.५ भरतात, आणि गोल नाहीत, तिकोनी झालीत. साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात हे होतंच. टोक पलीकडे निघतं तेव्हा कडा अजून धातूत बसलेल्या नसतात, मग ड्रिल नाचतं. स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं ड्रिल, वापरलं असतं तर भोक गोल आलं असतं.

म्हणजे पोरगा बरोबर? अर्धाच. बिल काढून पाहिलं, तुम्हाला प्लेन, म्हणजे गुळगुळीत, बॉडीचे नट गेलेत. पातळ पत्र्याला, त्यातून साइटवर हाताने ड्रिल मारायचं असेल तर मी स्वतः नर्लिंगवालेच (अंगावर खाचा असलेले) देतो. भोक जरा इकडेतिकडे झालं तरी ते धरतात. "पत्रा किती जाडीचा?" एवढं कोणी विचारलं नाही. ही चूक दुकानाची.

माल हलका मात्र म्हणू नका. त्याच तुकड्यात ९ चं नीट भोक पाडून तुमच्याच पाकिटातले तीन नट बसवले, पाना लावून आवळले. जागचे हलले नाहीत.

"त्यापेक्षा सरळ टॅप मारला असता", म्हणजे पत्र्यातच आटे पाडले असते, असंही म्हणालात. एम-६ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, म्हणजे तुमच्या पत्र्यात जेमतेम एक आटा येणार. चार वेळा दार उघडलं की तो गेलाच.

आता त्या १८ भोकांचं. पॅनेलची लाइन बंद करा, आत कापड पसरा. फिरणाऱ्या नटाची कॉलर (वरची कड) पक्कडीने धरून ड्रिलने उडवा; खालचा तुकडा आत पडतो, तो बसबारवर (वीज वाहणाऱ्या पट्टीवर) राहायला नको. मग भोक ११ ला वाढवून एम-८ घाला, अर्थात समोरच्या पट्टीत ८ चा बोल्ट जात असेल तरच. नाहीतर जागा बदलावी लागेल.

एम-८ चे १८ नर्लिंगवाले नट काउंटरवर काढून ठेवलेत, पैसे नकोत. स्टेप ड्रिल आणि नट बसवायची गनही शनिवारी न्या, सोमवारी आणून द्या. फक्त नट बसल्यावर गनचं हॅन्डल "अजून एकदा" म्हणून दाबू नका, आटे ओढले जातात.