सात फुटांतला संसार

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी पश्चिम लंडनमध्ये, साउथॉलजवळच्या कालव्यावर, आमच्याच बोटीच्या शेपटाकडे पालथा पडलो होतो. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात, नाकात डिझेलचा वास आणि दातांत ब्रेड कापायची सुरी. बायको टॉर्च धरून उभी होती. तिला एकच काळजी होती.

"ती सुरी परत ब्रेडला लावायची नाही हं."

पुण्यात होतो तेव्हा नळाचा वॉशर बदलायलाही मी प्लंबर बोलवायचो. तो तीन दिवसांनी यायचा, आणि ते तीन दिवस मी नळाखाली बादली ठेवून सुखात काढायचो. लंडनमधली भाडी ऐकल्यावर मात्र कुणीतरी डोक्यात घातलं की बोट घ्या, कालव्यावर राहा, स्वस्त पडतं. पडतं, हे खरं आहे. फक्त प्लंबर, वायरमन, मिस्त्री, भंगी आणि खलाशी ही सगळी माणसं आपल्यालाच व्हावं लागतं, ते कुणी बोललं नव्हतं.

नॅरोबोट म्हणजे रेल्वेचा डबा पाण्यात सोडलाय असं समजा. आमची ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. तीही बाहेरून. हे माप १८व्या शतकातलं आहे. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियरनं ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर सात फुटी लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटींना वर-खाली नेणाऱ्या दारं लावलेल्या कोठड्या, बांधायचं ठरवलं आणि त्यातून जातील अशा बोटी बनायला लागल्या. ब्रिंडली १७७२ साली गेला, कालवा १७७७ साली पुरा झाला, आणि त्याच्या हिशेबापायी आजही बायको ओट्याशी असली की मला पोट आत घेऊन, श्वास रोखून तिच्यामागून सरकावं लागतं. गंमत म्हणजे आम्ही राहतो तो ग्रँड युनियन चांगला ऐसपैस, चौदा फुटी लॉकांचा कालवा आहे. "पण पुढेमागे उत्तरेकडच्या अरुंद कालव्यांत जावंसं वाटलं तर?" असं बोट विकणाऱ्यानं विचारलं होतं. आम्ही अजून उत्तरेकडे गेलेलो नाही.

बोट बांधायला कायमची जागा हवी तर तिचे पैसे वेगळे. जागा नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. रामाला १४ वर्षांचा वनवास एकदाच झाला. आम्हाला दर १४ दिवसांनी उठावं लागतं. शिवाय त्याला बरोबर कॅसेट न्यावी लागत नव्हती.

कॅसेट म्हटल्यावर ज्यांना गाणी आठवतात ती माणसं सुखी आहेत. माझे बाबा त्यांतलेच. एकदा फोनवर त्यांना म्हणालो, "बाबा, नंतर बोलतो, कॅसेट रिकामी करून येतो."

"अजून कॅसेटी आहेत तिकडे? कोणाची?"

"आमचीच."

संडासाखाली बसणारा हा एक प्लास्टिकचा डबा, वीसेक लिटरचा. भरला की लाल दिवा लागतो. लाल दिवा नेहमी पावसात लागतो, हे माझं निरीक्षण. मग तो वीस किलोचा ऐवज ट्रॉलीवर चढवून कालव्याकाठच्या वाटेनं निघायचं. पूर्वी या वाटेवरून घोडे बोटी ओढत न्यायचे, आता मी जातो. इंग्रज माणसं शिष्टाचाराला पक्की. समोरून येणाऱ्या आजीबाई कुत्र्यासकट थांबतात, आज जरा ऊन आहे नाही, म्हणतात. मीही थांबतो. दोघांनाही ट्रॉलीवर काय आहे ते ठाऊक असतं, आणि आम्ही उन्हावर बोलतो.

वीज हे दुसरं प्रकरण. छतावर सोलर पॅनल आहेत, पण लंडनचा डिसेंबरातला सूर्य म्हणजे लग्नाला तोंड दाखवून न जेवता जाणारा पाहुणा. बाकी सगळा भार चार बॅटऱ्यांवर, आणि त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात. त्यामुळे मीच वीजमंडळ आणि मीच तक्रार करणारा ग्राहक. आमचा साडेसातशे वॉटचा मिक्सर लावला की १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ-पासष्ट अँपिअर खेचतो. म्हणून आमच्याकडे खोबऱ्याची चटणी करायची तर आधी डिझेल इंजिन सुरू करावं लागतं. त्याच इंजिनावर आंघोळीचं पाणीही तापतं, आजोळच्या बंबासारखं. त्यामुळे चटणीच्या दिवशी दोघांच्या आंघोळी उरकून घेतो. फक्त बोट बांधलेली असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही, असा नियम आहे. शेजारच्या बोटीतल्या लोकांना झोप लागली पाहिजे. नियम बरोबरच आहे. मला तो आठ वाजून दहा मिनिटांनी आठवतो, एवढंच.

थंडीसाठी बिडाची शेगडी आहे. ती पेटली की गरम हवा वर छताला जाऊन बसते. डोक्याला मे महिना, पायाला महाबळेश्वर. निखारा रात्रभर टिकवायचा कसा, हे कळेपर्यंत आम्ही तीन आठवडे कुडकुडलो. शेवटी आई म्हणाली, "अरे, राखेखाली झाकून ठेव. चिपळूणला आजी तसंच करायची." केलं. पहाटे उठलो तर शेगडी बर्फ. आजीची चूल लाकडांची होती. कोळशाला खालून वारा लागतो, राखेत तो गुदमरतो. आता राख झाडून, कोळसा भरून, तो नीट धरला की वाऱ्याची झडप केसभर उघडी ठेवून झोपतो. डोक्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहेच. बोटींवर तो २०१९पासून सक्तीचा आहे. आजीला त्याची गरज पडली नाही, तिच्या घराला कौलं होती आणि कौलांतून आभाळ दिसायचं.

एवढं करून बोट तापली की तिला घाम फुटतो. पोलादी भिंती, एकपदरी काचा आणि आत श्वास घेणारी दोन माणसं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून ओहोळ वाहायला लागतात. पहिल्या हिवाळ्यात गादी उचलून बघितली तर खालच्या अंगाला काळी बुरशी, अगदी नक्षीदार. तेव्हापासून गादीखाली फळ्या, फळ्यांमध्ये फटी, आणि रोज सकाळी मी जुना बनियन घेऊन काचा पुसत फिरतो. पुण्यात टँकरच्या पाण्यासाठी भांडलेला माणूस मी, इथे बनियनातून रोज अर्धा तांब्या पाणी पिळतो.

तर तो शनिवार. चौदावा दिवस. साउथॉल-हेजच्या पट्ट्यात कालव्यात नारळ तरंगताना दिसतात. न फोडलेले, शेंडीसकट. नदी-समुद्र लांब पडतो म्हणून लोक पूजेतले नारळ, फुलं इथेच सोडतात. बायको प्रत्येक नारळाला हात जोडते. मी तिच्यापुढे आकडी धरतो आणि म्हणतो, "काढ की, सोलकढी होईल." त्या दिवशीही म्हणालो. पुढच्याच मिनिटाला इंजिनाच्या घशात काहीतरी अडकलं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, थरथरला, मागून काळा धूर निघाला आणि बोट जागच्या जागी हेलकावायला लागली.

"बघ," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

बांबूनं ढकलत ढकलत काठ गाठला, दोर बांधले, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. बोट ढकलणारा पंखा पाण्याखाली असतो, त्याच्या बरोबर वर बोटीत एक झाकण असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. नाव गवताचं, पण गवत मला आजवर मिळालेलं नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, सायकलची ट्यूब आणि एकदा तर डाव्या पायाची चप्पल निघाली होती. आज हाताला लागलं ते गुळगुळीत आणि दोरखंडासारखं पिळलेलं होतं. सुरीनं चरत चरत, बोटं बधिर होईपर्यंत ओढलं तेव्हा मूठभर कापड वर आलं. केशरी, त्यावर सोनेरी पट्टी.

"थांब!" बायको ओरडली. "कापू नकोस. काठ दाखव आधी."

मी पालथ्या अवस्थेत काठ दाखवला. तिनं टॉर्च जवळ नेला, दोन बोटांत कापड चोळलं.

"सिंथेटिक आहे. जरही खोटी. काप."

पुढचा तासभर मी कापत होतो. काठावरच्या बाकावर एक वयस्कर सरदारजी येऊन बसले. बराच वेळ निवांत बघत राहिले. मग म्हणाले, "साडी है?"

"हां जी."

"पूरी निकली?"

"पल्लू बाकी है."

ते मान हलवून पुन्हा बसले. पदर निघाल्यावरच उठले.

साडी तुकड्यातुकड्यांनी डेकवर पडली होती. बायकोनं पायानं एक तुकडा उलटा केला. "फॉल लावलाय रे. पिकोसुद्धा केलाय." मग दोघंही जरा गप्प झालो. नवी होती म्हणजे. मी झाकण लावलं, तीनदा आवळलं. ते सैल राहिलं आणि इंजिन सुरू केलं तर पंखाच पाणी आत फेकतो आणि बोट बुडते. बायकोनं चौथ्यांदा आवळलं.

आठच्या आत तासभर इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या असं ठरलं होतं. हात शेकायला म्हणून शेगडीपुढे बसलो. डोळे उघडले तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

दर शनिवारी रात्री साडेअकराला आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा रविवारची पहाट, पाच. तिचा चहा झालेला असतो. मोबाइल दोन टक्क्यांवर होता, चार्जरला लावून उचलला.

"हाताला काय झालं रे एवढं?"

"काही नाही गं, खरचटलं. साडी अडकली होती."

"साडी? कोणाची?"

मी तोंड उघडलं आणि इन्व्हर्टरनं एक लांबलचक बीप देऊन मान टाकली. राउटरचा दिवा विझला. पाठोपाठ मोबाइलही गेला. काळ्या काचेत माझाच उघडा जबडा दिसत होता.

इंजिन आता सकाळी आठला. म्हणजे तिकडचे दुपारचे दीड. तोवर मावशी, आत्या आणि बाबांचा सकाळचा फिरायचा कट्टा, सगळीकडे विषय पोचलेला असणार. बायकोचा फोन मागितला, तर तो दुपारी टॉर्च म्हणून वापरून संपला होता.

अंधारातून तिचा आवाज आला, "निदान फॉल-पिको केलेली होती एवढं तरी सांगायचंस."