सिंह सोडून टोमॅटो का पाहिले? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, 'एक निवृत्त प्रवासी' एवढीच सही केली आहे, म्हणून आपली काका म्हणते. (स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण, बरं का. केनियातल्या वोईच्या बाजारात कुणीतरी "दादा, दादा" अशी हाक मारली आणि मी मागे वळून पुरुष शोधत राहिले. ओ दिली ती कोबीवालीने.)

वोईच्या बाजारावरच्या माझ्या लेखाखालचं तुमचं पत्रच म्हणावं इतकं लांब लिहिणं दोनदा वाचलं. म्हणणं थोडक्यात असं : केनियाला जायला लाखांत पैसे मोजायचे, त्साव्होसारखं जंगल हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई दीड दिवस वोई नावाच्या धुळकट गावात टोमॅटोचे वाटे बघत बसते. "ताडोबाला जाऊन कुणी चंद्रपूरच्या भाजी मंडईत मुक्काम ठोकतं का?" या वाक्याला मी मोठ्याने हसले. त्यापुढचं मात्र लागलं. लेख म्हणजे दुसऱ्याच्या गरिबीचं प्रदर्शन आहे, असं तुम्ही म्हणता. शिवाय त्साव्होच्या नरभक्षक सिंहांनी १३५ माणसं मारली हा आकडा फेकलेला आहे, आणि हे सिंह ज्याच्या कामावर हल्ले करत तो लोहमार्ग ज्यांनी बांधला त्या हिंदी मजुरांना मी एका ओळीत उरकलं.

आकड्याबाबत तुमचंच बरोबर. १३५ हा आकडा ज्याने सिंह मारले त्या पॅटरसनसाहेबानेच (त्या लोहमार्गाच्या पुलावरचा इंजिनिअर) पुढे सांगितलेला, आणि मी तो डोळे मिटून उचलला. १८९८ च्या डिसेंबरात त्याने ते दोन्ही सिंह मारले, त्यांची कातडी पंचवीसेक वर्षं घरात गालिच्यासारखी अंथरली आणि १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली. तिथल्या केसांच्या आणि हाडांच्या तपासणीवरून संशोधकांनी २००९ मध्ये अंदाज बांधला तो सुमारे ३५ माणसांचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण काका, तो आकडा तपासताना दुसराच एक आकडा डोळ्यांसमोर आला. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार माणसं नेली. त्यांतली अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेली. सिंहांनी ३५ धरा, तुमच्यासाठी आणखी थोडे धरा. बाकीची हिवतापाने, आमांशाने, अपघाताने गेली. शिकागोच्या काचेच्या कपाटात सिंह उभे आहेत, हिवतापाचं कपाट कोण करणार? त्या मजुरांना मी एका ओळीत उरकलं हा तुमचा आरोप मान्य. ते बहुतेक पंजाबातले होते, आपल्याकडचे नव्हेत, म्हणून माझं लक्ष गेलं नाही, हे कारण सांगायलाही लाज वाटते.

मात्र वोईत त्यांची खूण शोधायला स्टेशनात जाऊ नका. नवं स्टेशन २०१७ चं, चकचकीत आणि गावाबाहेर. खूण बाजारात आहे. तिथे पैशाला 'पेसा' म्हणतात. रंगाला 'रांगी', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी'. १९२० पर्यंत त्या मुलखात आपला रुपयाच चालायचा, मग शिलिंग आला. नाणं गेलं, शब्द राहिला. मोबाइलवरून पैसे पाठवायची जी 'एम-पेसा' सोय केनियात २००७ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, तिच्या नावातला पेसा म्हणजे आपला पैसाच. आणि खानावळीला 'होटेली' म्हणतात. आपणही चहाच्या टपरीला हॉटेलच म्हणतो, त्यामुळे मला अगदी घरी आल्यासारखं झालं.

तसं तुम्ही शाकाहारी माणसाच्या हालाबद्दलही लिहिलंय. हाल काही होत नाहीत. होटेलीत 'न्देंगू' मागा, अख्ख्या मुगाची उसळ येते, थोडी पातळ आणि आपल्या जिभेला अळणी. सोबत 'चपाती', घडीच्या पोळीपेक्षा जाड आणि तेलात बुडालेली, आणि 'काचुंबारी' म्हणजे कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. नाव ओळखलंत ना? हिरवी मिरची वेगळी मागून घ्यावी लागते. माझं दोन्ही दिवसांचं जेवण हेच होतं, आणि दुसऱ्या दिवशी तर पोऱ्याने न विचारताच मिरच्या आणून ठेवल्या.

आता गरिबीच्या प्रदर्शनाचं. इथे मी अर्धी चुकले आहे.

चुकले ती फोटोत. टोमॅटोवालीचा जो फोटो लेखात सगळ्यात वर होता तो मी आधी काढला आणि मग तिच्याकडे बघून हसले, जणू हसणं म्हणजे परवानगी. तिने हाताने खूण करून फोन खाली ठेवायला लावला. इंग्रजीत म्हणाली, "आधी टोमॅटो घे." घेतले. चार टोमॅटोंचा एक वाटा, तीन खाली आणि एक वर, देवळाच्या कळसासारखा. पैसे रोख नको म्हणाली. फळीवर रंगाने लिहिलेला तिचा एम-पेसाचा नंबर बोटाने दाखवला. माझ्याकडे तिथलं सिम नव्हतं, मग शेजारणीकडून सुटे आणले. हे सगळं झाल्यावर तिने पिशवीत आणखी एक टोमॅटो टाकला आणि म्हणाली, "न्योंगेझा." आपल्याकडे भाजीवाली कोथिंबिरीची काडी वर टाकते ना, तेच. मग स्वतःच पदरासारखा 'लेसो' खांद्यावर नीट केला आणि म्हणाली, आता काढ. तो दुसरा फोटो साधारणच आला आहे, पण लेखात आता तोच आहे. पहिला काढून टाकला.

पण अर्धीच चुकले म्हणते, कारण त्या बाजारात मला गरिबी दिसली नाही, व्यापार दिसला. मी लोणंदची. कांद्याच्या बाजाराच्या गावात वाढलेली मुलगी बाजारात गेली की आधी माप बघते. वोईत मका मोजायला 'गोरोगोरो' नावाचा पत्र्याचा डबा असतो, वनस्पती तुपाचा रिकामा, साधारण दोन किलोचा. आमची आजी पायली शिगेला लावून घ्यायची, तसाच तो डबा शीग लावून भरतात. आणि गिऱ्हाईक बाई आधी डबा उलटा करून त्याचं बूड बघते, कारण बूड आतून ठोकून फुगवलं की मूठभर मका वाचतो! ही हातचलाखी माझ्या आजीला सांगितली असती तर ती म्हणाली असती, त्यात नवीन काय. तिथली कोबी आणि 'सुकुमा' नावाची पालेभाजी ताइता डोंगरातून येते, तिथे हवा थंड. केळी तावेताकडून, किलिमांजारोच्या पायथ्याच्या पाण्यावरची. वोई स्वतः सखल आणि उष्ण, गावाभोवती काटेरी झुडपं आणि घायपात. म्हणजे गाव पिकवत फारसं नाही, डोंगराचा माल रस्त्यावर आणून विकतं. नैरोबी-मोम्बासा महामार्गावरचे ट्रकवाले उतरतात, जेवतात, निघतात. हे लोणंदपेक्षा वेगळं कुठे आहे?

यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बाजार चांगला असेल, पण जंगलाचं काय. तर तिकडेच येते. मुळात मी बाजारात गेले नसते तर मला त्साव्होचे हत्ती कळलेच नसते.

टोमॅटोवालीने विचारलं, उद्या पार्कात जाणार का. हो म्हटलं, हत्ती बघायला. ती आणि शेजारीण दोघी हसल्या. तिची बहीण सागल्लात राहते. वोईच्या दक्षिणेला जो डोंगर दिसतो तो सागल्ला. त्याच्या पायथ्याशी शेतं आहेत. ती म्हणाली, "तुम्ही पैसे देऊन हत्ती बघता. आमच्याकडे तो रात्री फुकट येतो." एका रात्रीत उभा मका खाऊन जातो, खात नाही तो तुडवून जातो, आणि पाण्याची टाकी फोडतो. आपल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकटं त्साव्हो पूर्व हे उद्यानच १३ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं. पूर्व आणि पश्चिम मिळून ताइता-तावेता काउंटीची (म्हणजे वोईच्या जिल्ह्याची) सुमारे ६२ टक्के जमीन उद्यानांत गेली आहे. मासाई माराच्या तिकिटाचा पैसा तिथल्या नारोक काउंटीकडे जातो. त्साव्हो मात्र केंद्राच्या वन्यजीव खात्याचं, तिकिटाचा पैसा नैरोबीला. इथले पुढारी कित्येक वर्षं निम्मा वाटा मागत आहेत. २०१३ च्या कायद्यात माणूस दगावला तर ५० लाख शिलिंग भरपाई लिहिली आहे, पण ती हातात पडेपर्यंत वर्षं जातात. हे मला कुठल्याही गाइडने गाडीतून सांगितलं नाही. त्याचं काम सिंह दाखवणं, त्याने ते चोख केलं.

सागल्लात मी दुपारी मोटरसायकलवरून गेले (तिथे तिला 'बोडाबोडा' म्हणतात, आणि चालकाने मला हेल्मेट दिलं ते माझ्या डोक्याच्या दीडपट होतं). तिथे शेताच्या कडेने खांब, खांबांमध्ये छपराखाली टांगलेल्या मधमाश्यांच्या पेट्या, आणि एका पेटीपासून दुसरीपर्यंत तार. हत्ती आत शिरताना तारेला धडकला की ओळीतल्या सगळ्या पेट्या हलतात आणि माश्या खवळून बाहेर पडतात. एवढ्या जाड कातडीच्या जनावराला माशी काय करणार, असं मलाही वाटलं होतं. ती सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती चावते. दर दोन पेट्यांमधली एक नुसतीच पिवळी फळी असते, दिसायला पेटीसारखी. खर्च वाचतो आणि हत्ती फसतो. 'सेव्ह द एलिफंट्स' या संस्थेने ही कुंपणं तिथल्या शेतकऱ्यांबरोबर उभी केली. नऊ वर्षांच्या नोंदींत असं दिसलं की कुंपणापाशी आलेल्या हत्तींपैकी साधारण तीन-चतुर्थांश परत फिरतात. वर मध मिळतो तो वेगळा. पण पाऊस हुकला की फुलं नाहीत, फुलं नाहीत की पेट्या रिकाम्या, आणि नेमका त्याच वर्षी हत्ती जास्त भुकेला. मला पेट्या दाखवणारा शेतकरी एका पेटीला कान लावून म्हणाला, "यात कोणी राहत नाही."

दुसऱ्या दिवशी उद्यानात शिरले तेव्हा पहिला कळप विटकरी रंगाचा दिसला. तिथली माती तांबडी, हत्ती ती अंगावर उडवतात आणि तसेच होतात. कोकणात पावसाळ्यात घरी परतलेल्या पोरांसारखे. सगळे कॅमेरे वर झाले. माझाही झाला, खोटं कशाला बोलू. पण मी त्या मोठ्या हत्तिणीच्या पायांकडे बघत होते आणि मनात मक्याचा हिशेब चालू होता. २०२२ च्या दुष्काळात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती मेले, हे मला माहीत होतं. त्याच दुष्काळात सागल्लातल्या पेट्याही ओस पडल्या असणार, हे त्या क्षणी लक्षात आलं. गाव आणि जंगल एकाच पावसावर जगतं, काका. तुम्ही त्यांना तिकिटाच्या खिडकीने वेगळं करता.

आता चंद्रपूरचं. मी ताडोबाला तीनदा गेले, तिन्ही वेळा चंद्रपुरात फक्त पेट्रोल भरायला थांबले. तुमचं वाक्य वाचून हसले खरी, पण नंतर ते पिच्छा सोडेना. पुढच्या वेळी मंडईत मुक्काम ठोकते आणि तुम्हाला कळवते.

शेवटी तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये जाणार आहात तर वोईत थांबण्यात अर्थ आहे का. नैरोबीहून मोम्बासाकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी सगळ्याच वोईला थांबत नाहीत, मधली स्टेशनं घेणारी बघून तिकीट काढा. डाव्या-उजव्या खिडकीची चिंता करू नका, हत्ती दोन्हीकडे असतात किंवा दोन्हीकडे नसतात. प्लास्टिकची पिशवी सामानातून काढून टाका, २०१७ पासून तिथे बंदी आहे आणि ती खरोखरची बंदी आहे. उद्यानाचं फाटक सकाळी सहाला उघडतं. अकरानंतर जनावरं सावलीत आडवी होतात.

आणि बाजारात 'मबुयू' मिळतात ते नक्की घ्या. आपल्याकडे ज्याला गोरखचिंच म्हणतात त्या झाडाच्या बिया, साखरेत आणि लाल रंगात घोळवलेल्या. आंबट-गोड, चघळायच्या आणि बी थुंकायची. मी दोन पुड्या संपवल्या आणि संध्याकाळी लॉजच्या आरशात जीभ बघून दचकले. काकूंना आधी सांगून ठेवा, आणि त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नका.